वाफेच्या इंजिनाचे फोटो: पहिल्यांदा दार्जिलिंगला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. किटलीत पाणी उकळायला लागलं की तोटीला लागून बोटभर जागा मोकळी दिसते आणि त्यापुढे पांढरा लोट सुरू होतो. ती मोकळी दिसणारी जागा म्हणजे वाफ. पांढरा लोट म्हणजे हवेत थंड होऊन तिचे झालेले पाण्याचे बारीक थेंब. वाफेच्या इंजिनाच्या फोटोचं निम्मं गणित एवढ्यातच आहे. हवा जितकी थंड आणि दमट, तितका लोट दाट आणि जास्त वेळ टिकणारा. कोरड्या, तापलेल्या दुपारी तेच इंजिन तेवढीच वाफ सोडतं, पण फोटोत धुरांड्यावर नुसती हवा थरथरताना दिसते. नवखे लोक अशा वेळी कॅमेरा बदलायचा विचार करू लागतात. बदलायची असते ती तारीख आणि वेळ.

उरलेलं निम्मं गणित इंजिन कष्ट कधी करतं याचं. चढावर, गाडी सुटताना, वजन ओढताना इंजिन जोरात श्वास टाकतं. उतारावर ड्रायव्हर वाफेचा पुरवठा बंद करतो आणि धुरांड्यातून जवळपास काहीच येत नाही. म्हणून थंडी आणि चढ या दोन गोष्टी जिथे एकत्र मिळतात तिथे उभं राहायचं. बाकी सगळं त्यानंतर.

भारतातल्या ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची सेवा ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर–फिरोजपूर मार्गावर संपली. आज नियमित चालणारी वाफेची इंजिनं बघायची तर दोनच ठिकाणं खात्रीची: दार्जिलिंग हिमालयन रेल्वे आणि निलगिरी माउंटन रेल्वे. पहिलीला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा १९९९ साली मिळाला, दुसरीला २००५ साली. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये ‘अकबर’सारखी डब्ल्यूपी वर्गाची मोठी इंजिनं जपली आहेत, पण ती खास प्रसंगीच धावतात. नवशिक्याने सुरुवात दार्जिलिंगपासून करावी, कारण तिथे रूळ हिलकार्ट रोडच्या कडेकडेने जातात. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून, कुठलाही नियम न मोडता, चालत्या इंजिनाच्या इतक्या जवळ जाता येईल अशी दुसरी जागा देशात सापडणं कठीण. पुढचं सगळं दार्जिलिंग–घूम या टप्प्याला धरून लिहिलं आहे. निलगिरीत काय वेगळं ते शेवटाकडे येईल.

घरून निघण्याआधी: हात बसवणं

हजार-दोन हजार किलोमीटर जाऊन पहिल्यांदाच चालत्या गाडीवर कॅमेरा रोखू नका. महाराष्ट्रात सरावाला भरपूर जागा आहे. सगळ्यात उपयोगी माथेरान. तिथले रूळ दार्जिलिंगसारखेच दोन फुटी, गाडीचा वेग जवळपास तसाच, वळणंही तशीच. अमन लॉज ते माथेरान या शटलचं इंजिन डिझेलचं आहे, पण फ्रेम लावणं, वळणावर डब्यांची रांग पकडणं, झाडांच्या सावलीतून गाडी उन्हात येते तो क्षण साधणं हे सगळं इथे शिकता येतं. लोकल स्थानकाच्या फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीवर पॅनिंगचा, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेण्याचा, सराव करा. फलाट तिकीट दोन तास चालतं आणि तेवढ्यात पन्नास प्रयत्न सहज होतात.

कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी या दोन्ही घाटांत चढ ३७ ला १ (३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) आहे आणि गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. वाफ नसली तरी इंजिन कष्ट करतं तेव्हा गाडीची चाल कशी बदलते हे कानाने ओळखायची सवय इथे लागते. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात वाफेची इंजिनं उभी आहेत. चाकं, दांडे, रिव्हेट, दाबमापक यांचे जवळून फोटो काढायचा सराव तिथे निवांत होतो.

कधी जायचं, काय बुक करायचं

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. या दिवसांत सकाळी हवा कडक थंड असते, आकाश बऱ्याचदा स्वच्छ असतं आणि सूर्य दिवसभर खालून चालतो. पावसाळ्यात दरडी कोसळून गाड्या रद्द होतात. एप्रिल-मेमध्ये गर्दी असते, धूसर असतं आणि कांचनजंगा अनेक दिवस दर्शनच देत नाही.

दार्जिलिंग ते घूम आणि परत अशा जॉयराइडच्या फेऱ्या दिवसाला बऱ्याच असतात, आणि इथेच पहिली चूक होते: त्यातल्या काही फेऱ्या डिझेल इंजिनाच्या असतात. आयआरसीटीसीवर बुकिंग करताना फेरी वाफेची आहे याची खात्री करा. भाडंही वेगळं असतं. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून पोहोचल्यावर स्थानकात जाऊन उद्या कोणती फेरी कोणत्या इंजिनाने जाणार हे पुन्हा विचारा.

दुसरी चूक म्हणजे फोटो काढायला म्हणून गाडीतच बसणं. आत बसलेल्या माणसाला आपली गाडी बाहेरून दिसत नाही. किमान तीन दिवस हातात ठेवा. पहिल्या दिवशी गाडीत बसून घूमपर्यंत जाऊन या, खिडकीतून जागा हेरा आणि वहीत टिपा. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून फोटो. तिसरा दिवस धुक्यासाठी राखून ठेवा, तो लागतोच.

जाणं महत्त्वाचं, परतणं नाही. घूम स्थानक २,२५८ मीटरवर, दार्जिलिंग त्याहून बरंच खाली. म्हणजे दार्जिलिंगहून सुटलेली गाडी चढते आणि परतताना उतरते. लोट हवा असेल तर दार्जिलिंगहून निघणारी गाडी धरा. परतीची गाडी माणसं, दुकानं, डब्यातले चेहरे यांच्यासाठी ठेवा.

सामान

एक कॅमेरा, दोन लेन्स: जवळसाठी २४–७० मिलिमीटर आणि लांबसाठी ७०–२०० मिलिमीटर. एकच न्यायची असेल तर २४–७० न्या. दार्जिलिंगमध्ये गाडी इतकी जवळून जाते की लांबच्या लेन्सला जागाच मिळत नाही. शिवाय २०० मिलिमीटरवर समोरून काढलेल्या फोटोत धुरांड्याची गरम हवा मध्ये येते आणि मागचे डबे पाण्यातून पाहिल्यासारखे हलके वितळलेले दिसतात. तो दोष फोकसचा नसतो, लेन्सचाही नसतो.

लेन्स हूड हवाच. दोन-तीन मायक्रोफायबर कापड आणि एक ब्लोअर घ्या. कोळशाची काजळी लेन्सवर बसली की आधी ब्लोअरने उडवायची आणि मगच कापड लावायचं. नुसतं कापड फिरवलं तर बारीक कण काचेवर घासले जातात. इंजिनाजवळ लेन्स बदलू नका. काजळीचा एक कण सेन्सरवर गेला की पुढच्या प्रत्येक फोटोच्या आकाशात तोच काळा ठिपका.

बॅटऱ्या तीन. थंडीत त्या लवकर मान टाकतात, म्हणून जादाच्या दोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. संध्याकाळी थंडीतून हॉटेलच्या उबदार खोलीत जाताना कॅमेरा दाराबाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि तासभर उघडू नका. नाहीतर खोलीतली दमट हवा थंड लेन्सवर जमते आणि आतल्या काचांवर बाष्प धरतं. ट्रायपॉड रस्त्यावर अडचण करतो. एकपायी मोनोपॉड पुरतो.

फोनने काढणार असाल तरी बिचकू नका. स्क्रीनवर इंजिनावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, म्हणजे वाफ पांढरीफटक पडत नाही. एचडीआर बंद ठेवा: फोन दोन-तीन फोटो एकमेकांवर चढवतो, तेवढ्यात लोट हलतो आणि कडांना भुतासारखी दुहेरी रेघ येते.

आदल्या दिवशीची फेरी

दार्जिलिंग स्थानकापासून रुळांच्या कडेने, रस्त्यावरून घूमच्या दिशेने चालत निघा. बतासिया लूप या रुळांच्या गोल वळशापर्यंत सुमारे पाच किलोमीटर. दर ठिकाणी चार गोष्टी पाहायच्या.

उजेड कुठून येणार? सूर्याची दिशा दाखवणारं ॲप उघडून उद्याची गाडीची वेळ घाला. सूर्य तुमच्या खांद्यामागून तिरका आला तर इंजिनाचं नाक आणि एक अंग, दोन्ही उजळतात. डोंगराची सावली तोपर्यंत हटते का, हेही बघा. हिवाळ्यात कित्येक वळणं उशिरापर्यंत सावलीतच असतात.

मागे काय आहे? विजेचे खांब, तारांची जाळी, दुकानाच्या पाट्या. धुरांड्यातून खांब उगवल्यासारखा दिसला तर सगळा फोटो फुकट. एक पाऊल बाजूला सरकलं की बहुतेकदा सुटका होते.

चढ कुठे आहे, आणि सुटणं कुठून आहे? थांबून पुन्हा सुटण्याच्या जागेच्या थोडं पुढे उभं राहणं नेहमीच फायद्याचं.

वारा कुठून? चिमूटभर सुकं गवत सोडून बघा. लोट तुमच्या अंगावर आला तर मागची अख्खी गाडी त्यात बुडते. वारा तुमच्या पाठीकडून इंजिनाकडे वाहत असेल अशी बाजू धरा.

इंजिनाचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही आदल्या दिवशीच बघून ठेवा. शेड स्थानकासमोर, रस्त्यापलीकडेच आहे. दोन जागा नक्की करा, तीन नको. गाडी सावकाश चालते, टॅक्सीने पुढे गाठता येते हे खरं, पण त्याच अरुंद रस्त्यावर वाहनांचा खोळंबा झाला की टॅक्सी अडकते आणि गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते.

कॅमेऱ्याची सेटिंग

गडद इंजिन आणि पांढरा लोट एकाच चौकटीत असताना कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर हमखास चुकतो. चौकटीत काळं जास्त असेल तर तो उजेड वाढवतो आणि वाफेतला सगळा पोत जळून पांढरा कागद होतो. धुकं किंवा लोट जास्त असेल तर उजेड कमी करतो आणि सगळं राखाडी पडतं. म्हणून मॅन्युअल मोड, म्हणजे आकडे आपणच लावायचे. गाडी येण्याआधी त्याच उन्हातल्या रस्त्यावर किंवा गवतावर मीटर बघा, सेटिंग लावा, आणि गाडी आली की हात लावू नका.

सुरुवातीला धरायचे आकडे असे. सकाळच्या कोवळ्या उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) २००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ५.६, शटर १/१००० सेकंद. ढगाळ हवेत आयएसओ ४००, एफ ५.६, १/५००. एक चाचणी फोटो काढून जळलेले भाग लुकलुकत दाखवणारी सूचना बघा. उन्हातली वाफ गवतापेक्षा बरीच उजळ असते, म्हणून मोठ्या लोटाची अपेक्षा असेल तर गाडी येण्याआधीच एखादा स्टॉप कमी (म्हणजे उजेड निम्मा) करून ठेवा. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फोटोत) काळ्या भागातून तपशील पुष्कळ वर काढता येतो. जळलेल्या वाफेतून काहीच परत येत नाही.

शटरचा वेग अंदाजाने धरू नका, हिशोब सोपा आहे. समजा गाडी ताशी १२ किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला साधारण ३.३ मीटर. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६,००० पिक्सेल असते. बाजूने काढलेल्या फोटोत सहा मीटरचा भाग भरला तर एका मीटरला १,००० पिक्सेल. १/२५० सेकंदात गाडी १३ मिलिमीटर सरकते, म्हणजे १३ पिक्सेल, आणि ते फोटो मोठा केला की डोळ्यांत येतं. १/१००० ला तेच तीन पिक्सेल उरतात. समोरून तिरका फोटो असेल तर गाडी चौकटीत आडवी फार सरकत नाही, तिथे १/२५० ते १/५०० पुरतं. ‘टॉय ट्रेन तर आहे, किती पळणार’ म्हणून १/१२५ वर काढलेले बाजूचे फोटो घरी गेल्यावर हमखास मऊ निघतात.

फोकस वाफेवर चढतो ही दुसरी मोठी तक्रार. ऑटोफोकस लोटाच्या कडेला पकडतो आणि इंजिन सोडून देतो. उपाय जुना आणि पक्का: गाडी जिथे आल्यावर फोटो हवा आहे तिथल्या एखाद्या स्लीपरवर किंवा रुळाच्या सांध्यावर आधीच फोकस करा, मॅन्युअलवर टाका, आणि इंजिन तिथे येण्याच्या किंचित आधी बटण दाबा. मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे चालत्या गाडीच्या खिडक्या तिरप्या होतात आणि चाकं अंड्यासारखी दिसतात.

इंजिन वाचणं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो कॅमेऱ्यात नाही.

दार्जिलिंगचं बी क्लास इंजिन १८८९ पासूनच्या आराखड्याचं. चार चाकं, बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी, दोन सिलिंडर. चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. चाकाचा व्यास ६६० मिलिमीटर, म्हणजे परीघ दोन मीटरच्या जरा वर. ताशी १२ किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे १.६ वेळा फिरतं आणि सेकंदाला सहा-साडेसहा ठोके पडतात. त्या वेगात लोट सलग दिसतो. गाडी नुकतीच सुटते तेव्हा मात्र ठोके वेगवेगळे मोजता येतात आणि धुरांड्यावर कापसाच्या गोळ्यांसारखे सुटे लोट एकावर एक चढतात. ते हवे असतील तर सुटण्याच्या जागेपासून वीस-तीस मीटरवर उभे राहा.

सुटण्याआधी शिट्टी होते आणि चाकांच्या उंचीवर दोन्ही बाजूंना पांढरे ढग फुटतात. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी साचलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही. ते आत राहिलं आणि पिस्टन त्यावर आपटला तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून ड्रायव्हर ड्रेन कॉक (सिलिंडरमधलं पाणी बाहेर सोडायचे नळ) उघडे ठेवून सुरुवात करतो. हे ढग काही मीटरपुरतेच असतात. बाजूने उभे असाल तर चाकं झाकली जातात. समोरून तिरकं उभं राहून, ऊन इंजिनाच्या मागून येत असेल तर मात्र सगळा ढग आतून उजळतो आणि त्यातून इंजिनाचं नाक बाहेर येतं. या क्षणासाठी तीन मीटर तरी लांब उभे राहा. त्या ढगात उकळतं पाणी असतं.

कोळसा टाकला की धूर काही वेळ काळा होतो, मग विरळ होत पांढरा पडतो. काळा धूर म्हणजे पूर्ण न जळलेला कोळसा, आणि चांगला फायरमन तो कमीत कमी ठेवतो. दाट काळा धूर म्हणजेच चांगला फोटो, असं समजणं चूक आहे. उन्हातला पांढरा-करडा लोट फोटोत कितीतरी जास्त खोल दिसतो. ड्रायव्हर-फायरमनला ‘जरा धूर काढा’ अशी विनंती करू नका. ते त्यांच्या कामाचा अपमान करणं आहे, आणि कोळशाची नासाडीही.

उभ्या इंजिनात दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उचलतो आणि बॉयलरवरून सरळ वर पांढरा फवारा मोठ्या आवाजाने उडतो. तो अचानक येतो आणि अचानक थांबतो. दाबमापकाचा काटा लाल खुणेजवळ गेलेला दिसला की तयार राहा.

ओल्या रुळांवर चाकं घसरतात. ठोक्यांची लय तुटते, एकदम भरभर ऐकू येतात, आणि गाडी जागच्या जागी. त्यासाठीच इंजिनाच्या पुढे, बफरच्या पट्टीवर दोन माणसं बसलेली असतात. मूठ अर्धवट उघडून ती रुळावर वाळू सोडत जातात, धार बारीक, वाळूच्या घड्याळातल्यासारखी सलग. पाय चाकांपासून हातभर अंतरावर. नजर पुढच्या रुळावर. कोळशाच्या ढिगावर बसून मोठे खडे फोडून देणारा आणखी एक जण असतो. पुष्कळ फोटोंत ही माणसं कापली जातात, कारण डोळा धुरांड्यावर असतो. ७० ते १०० मिलिमीटर, १/५००, फोकस वाळूच्या मुठीवर: हा एक फोटो आणलात तर ही रेल्वे कशी चालते ते दुसऱ्याला सांगावं लागत नाही.

फ्रेम

वर जागा सोडा. लोट इंजिनाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट चढतो, आणि आडव्या फ्रेममध्ये इंजिन भरून घेतलं की लोटाचं डोकं उडतं. इंजिन फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवा, किंवा सरळ उभी फ्रेम घ्या.

बाजूने काढताना चाकांना जोडणारा दांडा खालच्या टोकाला असताना फोटो घ्या. दांडा वर असला की चाकांचा मधला भाग झाकला जातो आणि इंजिन आखडल्यासारखं दिसतं. एका फेऱ्यात तो क्षण एकदाच येतो, म्हणून इथे लागोपाठ तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट योग्य. पूर्ण वेळ बटण दाबून ठेवलं की कॅमेऱ्याची मेमरी नेमकी मोक्याच्या क्षणी भरते.

गुडघ्याच्या उंचीवरून काढलं की छोटं इंजिन भव्य दिसतं. ते एकदा करून बघा, पण तिथेच थांबू नका. या इंजिनाचं सौंदर्य त्याच्या लहानपणात आहे: ते भाजीच्या दुकानापासून हाताच्या अंतरावरून जातं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना धूर देतं, शाळेची मुलं त्याच्या बाजूने चालत असतात. लांबच्या लेन्सने इंजिन बाजारातून कापून वेगळं काढलं तर ते कुठल्याही संग्रहालयातलं वाटेल. ३५ मिलिमीटरच्या आसपास राहा आणि रस्ता फ्रेममध्ये येऊ द्या.

बतासिया लूपवर गाडी गोल फिरून स्वतःच्याच वाटेवरून जाते आणि सुमारे दहा मिनिटं थांबते. थांबल्यावर सगळे प्रवासी उतरून इंजिनाभोवती जमतात, तेव्हा फोटोला अर्थ नाही. गाडी येतानाचा किंवा सुटतानाचा क्षण धरा. मागे ८,५८६ मीटरची कांचनजंगा हवी असेल तर सकाळच्या पहिल्या फेऱ्याच. दिवस चढला की ढग शिखर गिळतात. बर्फ आणि वाफ दोन्ही पांढरी असल्यामुळे इथे उजेड आणखी जपून धरा, आणि लोट शिखराच्या शेजारी येईल अशी जागा घ्या. समोर आला तर दोन्ही एकमेकांत विरतात.

पॅनिंग

पार्श्वभूमी धावती आणि इंजिन स्थिर दिसण्यासाठी कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा. जलद गाड्यांसाठी सांगितलेले १/१२५ चे आकडे इथे चालत नाहीत, कारण गाडी सावकाश असते. १/३० ला चाक साधारण १९ अंश फिरतं, १/१५ ला ३८ अंश. १/३० पासून सुरुवात करा आणि हात बसला की १/१५ वर या. पाय गाडी जिथे फोटोच्या जागी येईल तिकडे तोंड करून रोवा, कंबरेतून मागे वळा, गाडी येताना तिच्या एका ठिकाणावर, उदाहरणार्थ टाकीवरच्या क्रमांकावर, नजर खिळवा आणि कंबरेनेच फिरत या. बटण दाबल्यावर थांबू नका; हात थांबला की फोटो तुटतो. दहात एक जमला तरी चांगलं. पॅनिंग दुसऱ्या दिवशी करा, पक्के फोटो हातात आल्यावर.

अंधार पडल्यावर

संध्याकाळी शेडजवळ उभं इंजिन, भट्टीचं दार उघडलं की केबिनमध्ये पसरणारा नारिंगी उजेड. दार काही सेकंदच उघडं असतं. आयएसओ १६०० ते ३२००, एफ २.८, १/५०. हा १/५० योगायोग नाही: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० ठेवलं की फोटोत काळे पट्टे येत नाहीत. चालत्या इंजिनाकडे फ्लॅश कधीही मारू नका, ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. शेडमध्ये विचारल्याशिवाय शिरू नका. विचारलं तर अनेकदा दारातून फोटो काढू देतात.

निलगिरीत काय बदलतं

मेट्टुपालयम ते उटी ४६ किलोमीटर, मीटरगेज. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे आणि चढ १२ ला १ इतका. स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या कारखान्याच्या आराखड्याची एक्स क्लास इंजिनं इथे आहेत, चार सिलिंडरची: दोन नेहमीची चाकं फिरवतात, दोन दातेरी पट्टीत अडकणारी चाकं. कुन्नूरपासून पुढे गाडी डिझेलवर जाते, म्हणून वाफ हवी तर मेट्टुपालयम–कुन्नूरच.

मुख्य फरक हा की चढताना इंजिन गाडीच्या मागे, उताराच्या टोकाला असतं आणि डबे ढकलतं. वळणावर समोरून फोटो काढायला उभे राहिलात तर पहिला डबा आणि त्यावर झेंड्या घेऊन बसलेला ब्रेक्समन दिसेल, इंजिन नाही. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूने, सगळी गाडी कमानीत दिसेल अशी जागा शोधा, किंवा पाणी घ्यायला गाडी थांबते त्या हिलग्रोव्हला इंजिन जवळून टिपा. दुपारी उतरताना इंजिन पुढे असतं, पण लोट नसतो. जंगलाचा भाग असल्यामुळे रुळांवरून चालत जाणं कायद्यानेही नाही आणि हत्तींमुळेही नाही. इथे गाडीत बसणं हाच मुख्य मार्ग: चढताना शेवटच्या डब्यात, इंजिनाजवळ.

नियम आणि जीव

रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घाटांत बोगद्याच्या तोंडाशी, पुलावर उभं राहून काढलेले फोटो कितीही सुंदर दिसोत, ती जागा तुमची नाही. सार्वजनिक रस्ता, पादचारी पूल आणि फलाट या तीन जागांवरून आयुष्यभर पुरतील एवढे फोटो मिळतात. स्थानकात काढण्याआधी स्टेशन मास्तरांना भेटून विचारा. पैसे मिळवण्यासाठी काढणार असाल तर विभागाच्या जनसंपर्क कार्यालयाची लेखी परवानगी लागते. ड्रोन घरी ठेवा. विजेच्या तारांखाली, म्हणजे महाराष्ट्रातल्या जवळपास सगळ्या मुख्य मार्गांवर, २५ हजार व्होल्ट असतात: मोनोपॉड किंवा सेल्फी स्टिक उंच धरू नका.

दार्जिलिंगचा खास धोका वेगळा. रूळ दोन फुटांचे, पण डबे रुळांच्या बाहेर दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट येतात, वळणावर आणखी. व्ह्यूफाइंडरमधून बघताना रुळापासूनचं अंतर पुरेसं वाटतं आणि डब्याची पायरी अंगाला लागते. रुळापासून दोन मीटर धरा, आणि मागे येणाऱ्या टॅक्सीसाठी सोबतच्या माणसाला लक्ष ठेवायला सांगा.

घरी आल्यावर

रोज रात्री दोन ठिकाणी कॉपी. रॉ फाइलमध्ये आधी हायलाइट खाली ओढा, मग चाकांभोवतीच्या सावल्या थोड्या उचला. फार उचलल्या तर गडद इंजिन राखाडी दिसतं. सावलीतली वाफ निळसर येते, व्हाइट बॅलन्स किंचित उबदार करा. धूसरपणा घालवणारी पट्टी वाफेवर चालवू नका, लोट मळकट होतो. एका गाडीचे दोनच फोटो ठेवा.

आणि प्रत्येक ठेवलेल्या फोटोला त्याच रात्री नाव द्या: इंजिनाचा क्रमांक, तारीख, वेळ, जागा, दिशा. ‘७७९, सकाळची पहिली फेरी, बतासियाच्या अलीकडचं दुसरं वळण, घूमकडे, धुकं.’ आठवड्यानंतर ही सगळी निळी इंजिनं सारखीच दिसू लागतात, आणि पुढच्या खेपेला नेमकं त्याच वळणावर, अर्धा तास लवकर जायचं असतं.